दारातली फरशी: बडोद्यात पहिलं घर घेणाऱ्यांसाठी, एकाच ओटल्यावर दोनदा खर्च केलेल्या बाईकडून

आमच्या टेनामेंटच्या (गुजरातेत लहान स्वतंत्र घराला म्हणतात) दारात 2021 मध्ये मी पांढरीशुभ्र, आरशासारखी टाइल बसवली. दुकानदार म्हणाला होता, "बेन, आजकाल बधा आ ज ले छे." (ताई, हल्ली सगळे हीच घेतात.) पुढच्या जुलैत सासूबाई देवळातून आल्या, ओल्या चपलेनं पहिलं पाऊल ठेवलं आणि घसरल्या. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मग दोन वर्षं मी त्या टाइलवर पायपुसणी अंथरून ठेवली. दिसावी म्हणून पैसे मोजलेली टाइल झाकायला पुन्हा पैसे! 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी धोक्याच्या पातळीच्या दहा फुटांहून वर गेली, आमच्या ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, दोन दिवस पाणी उभं राहिलं आणि ओसरल्यावर सात टाइली पायाखाली डुगडुगायला लागल्या. एक उचलून पाहिली तर खाली सिमेंटचे पाच लाडू, मधे सगळी पोकळी आणि त्यात गाळ.

2025 च्या जानेवारीत सगळं उखडून पुन्हा केलं. त्याआधी दीड महिना नुसती विचारपूस केली, तीन कडियांशी (गवंड्यांशी) बोलले, दुकानांतून पाण्याची बाटली घेऊन फिरले. ते सगळं इथे लिहिते आहे. तुमचा ओटला असो, फ्लॅटच्या दारासमोरचा चार बाय चारचा तुकडा असो की दाराच्या आत चपला काढायची जागा, पद्धत थोड्याफार फरकानं हीच.

आधी हाताशी काय ठेवायचं

- मापाची टेप, खडू, वही
- लेव्हल पाहायला पारदर्शक नळी (हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते) किंवा कडियाचीच उसनी
- अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली आणि पुडीत मूठभर रेती
- एक जाड नाणं, टकटक करून बघायला
- फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी. दाराबाहेरचा पॅसेज सोसायटीचा असतो, तुम्ही त्यावर रोज रांगोळी काढत असलात तरी
- दुकानाचं पक्कं बिल, खोक्यावरच्या बॅच नंबरचा फोटो आणि कडियाशी ठरलेलं कागदावर, भले पाठकोऱ्या कागदावर असेना

1. एक पाऊस आणि एक दुपार, दारात खुर्ची टाकून बसा

दुकानात जायची घाई करू नका. एका पावसात दारात बसा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं ते बघा. छज्जा असला तरी वाऱ्याचा पाऊस तिरका आत येतो. आमच्याकडे पाणी दारापासून बाहेर जायच्या ऐवजी डाव्या कोपऱ्यात, नेमकं चपलांच्या स्टँडखाली साचत होतं, आणि ही गोष्ट तीन वर्षं माझ्या ध्यानात आली नव्हती. कोरड्या दिवसांत बघायचं असेल तर बादलीभर पाणी ओता आणि पाणी थांबेल तिथे खडूनं रेघ मारा.

मग मे महिन्यातली एक दुपार. दार पश्चिमेला असेल तर ओटला तीन-चार तास भाजतो. काळा ग्रॅनाइट अशा जागी अनवाणी पायाला चटका देतो. तुळशीला पाणी घालायला उड्या मारत जावं लागेल.

तिसरी गोष्ट रस्ता. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर चढतो, घर मात्र आहे तिथेच राहतं. आमच्या गल्लीत पूर्वी तीन पायऱ्या चढून ओटल्यावर यायचो, आता दोनच उरल्या आहेत. नदीच्या, कांसाच्या (पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्याच्या) किंवा सखल भागात घर असेल तर शेजारच्या जुन्या रहिवाशांना विचारा की 2019 मध्ये आणि 2024 मध्ये पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतील. त्या रेघेखाली जे काही बसवाल ते पाण्यात दोन दिवस राहणार असं धरूनच निवडा. लाकडी लॅमिनेट आणि स्वस्तातली चिकटवायची व्हिनाइल शीट हे दोन पर्याय इथेच बाद.

आणि वर्दळ. ॲक्टिव्हा ओटल्यावर चढते का? गॅसचा सिलिंडर कडेवर आपटत येतो का? नवरात्रात नऊ रात्री पोरं गरब्याच्या मैदानातली माती पायाला लावून येतात का? (येतात.) ती माती म्हणजे बारीक रेती, आणि चकचकीत टाइलवर ती पॉलिशपेपरसारखी फिरते. माझ्या पांढऱ्या टाइलची चमक उंबरठ्यासमोरच्या दोन फुटांत दुसऱ्या दिवाळीपर्यंत गेली होती. बाकी जशीच्या तशी, म्हणून ते आणखीच वाईट दिसायचं.

2. मापं घ्या, आणि पायरीची उभी बाजू विसरू नका

आमचा ओटला 8 बाय 5 फूट, म्हणजे 40 चौरस फूट. पुढे 5 फूट रुंद दोन पायऱ्या, पाऊल ठेवायची जागा एक फूट: 10 चौरस फूट. उभ्या बाजू सहा इंची. त्या दोन नसतात, तीन असतात, कारण दुसऱ्या पायरीवरून ओटल्यावर चढतानाही एक उभी बाजू येते. 5 गुणिले अर्धा गुणिले 3, साडेसात. एकूण साडेसत्तावन्न. तोडफोडीसाठी 10 टक्के धरले की सव्वात्रेसष्ट.

टाइल घेणार असाल तर पुढे खोक्यांचा हिशेब. 400 बाय 400 मिलिमीटरच्या पार्किंग टाइलची पाच नगांची खोकी मी पाहिली. एका खोक्यात 8.6 चौरस फूट. सव्वात्रेसष्टला 8.6 नं भागलं की सात खोक्यांत भागत नाही, आठ लागतात. 600 बाय 600 ची चार नगांची पेटी 15.5 चौरस फुटांची.

दगडात वेगळा खेळ असतो. कोटा दगड बऱ्याचदा 22 इंची चौकोनात येतो. असा तुकडा 3.36 चौरस फूट भरतो. काही ठिकाणी तो सरळ दोन बाय दोन, म्हणजे 4 चौरस फूट धरून बिलात येतो. लबाडीच असते असं नाही, व्यापारातली ती एक रीत आहे, पण भाव विचारताना "माप कसं धरणार?" हे विचारलं नाहीत तर स्वस्त वाटणारा दगड महाग पडतो. मला दोन दुकानांच्या भावात सात रुपयांचा फरक दिसला होता. माप विचारल्यावर स्वस्तवालाच महाग निघाला.

3. दगड की टाइल

इथे जरा थांबते, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

*कोटा.* राजस्थानातल्या कोटा आणि रामगंजमंडीच्या खाणींतून येणारा हा दगड म्हणजे बारीक कणांची चुनखडी. निळसर-हिरवा किंवा तपकिरी. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर कोटाच होता, सासऱ्यांच्या लग्नाच्याही आधी घातलेला. पायरीचा मधला भाग वापरून किंचित खोलगट झाला होता, पण फुटला नव्हता. दगड आरपार एकाच रंगाचा, त्यामुळे टवका उडाला तरी डोळ्यात भरत नाही, आणि पंधरा वर्षांनी मशीन फिरवून पुन्हा वरचा थर नवा करता येतो. टाइलला ही सोय नाही.

त्याचे दोष: चुनखडी आहे, म्हणून आम्लाला भिते. लिंबू सांडलं, संडासाचं ॲसिड फिरलं की पांढरा डाग खोल बसतो. तेलही पितो; दिवाळीत पणती ओघळली की काळं वर्तुळ राहतं. आणि आरसा-पॉलिश केलेला कोटा ओला झाला की माझ्या पांढऱ्या टाइलइतकाच घसरडा. बाहेरच्या जागी कोटा घ्यायचा तो अर्ध्या पॉलिशचा.

*पार्किंग टाइल.* टाइलच्या कारखान्यांचं मोरबी आपल्याच राज्यात असल्यानं टाइलची निवड आपल्याकडे भरपूर, भावही बरे. पार्किंग टाइल साधारण 12 मिलिमीटर जाड, वर नक्षी, गाडीचं वजन पेलणारी. गाडी ओटल्यावर चढत असेल तर हिचा विचार आधी करा. पण नक्षी जितकी खोल तितकी धूळ घट्ट. फडक्यानं पुसता येत नाही, खराट्यानं घासावी लागते, आणि रांगोळी काढली तर ती खळग्यांतून आठवडाभर निघत नाही.

*मॅट विट्रिफाइड.* विट्रिफाइड म्हणजे जवळजवळ पाणी न पिणारी टाइल. तिचे प्रकार दुकानात भराभर सांगतात, कानावरून जातात. एकच युक्ती लक्षात ठेवा: फुटका तुकडा मागा आणि कड बघा. वर कागदासारखा रंगीत थर आणि खाली वेगळाच रंग असेल तर ती छापलेली ग्लेझ टाइल. टवका उडाला की आतला रंग कायमचा दिसणार. वर तीन-चार मिलिमीटर जाडीचा रंगीत थर असेल तर डबल चार्ज. ती टिकते, पण बहुतेक चकचकीतच मिळते. आरपार एकच रंग म्हणजे फुल बॉडी. दाराला घ्यायची तर मॅट फुल बॉडी, थोडी महाग पडली तरी.

*ग्रॅनाइट.* कणखर, आम्लाला न भिणारा, आणि त्या मानानं महाग. अख्ख्या ओटल्याला घालायची गरज नाही. उंबरठा आणि पायऱ्यांच्या कडा एवढ्यापुरताच घ्या, कारण सगळा मार तिथेच बसतो. दुकानात पट्ट्यांचे उरलेले तुकडे असतात, ते भाव करून मिळतात. माझा उंबरठा अशाच एका तुकड्याचा आहे.

*सिमेंटचा कोबा.* ज्याला कडिया आयपीएस म्हणतात. सगळ्यात स्वस्त, जमला तर उत्तम. दोन इंचांच्या आसपास जाडीचा, चौकोन पाडून, मधे काचेच्या पट्ट्या घालून. पण हल्ली हाताला वळण असलेला कारागीर मिळणं कठीण, आणि आठवडाभर पाणी मारायला कंटाळा केलात की केसासारख्या भेगा.

संगमरवर दारात घालू नका. हळदीकुंकवाला एकदा हळद सांडली की संपलं. भिंतीची सिरॅमिक टाइल स्वस्त मिळते म्हणून जमिनीला वापरू नका. ती भरपूर पाणी पिते आणि वजनाखाली फुटते.

भावाचा अंदाज द्यायचा तर त्या जानेवारीत मला कोटा चौरस फुटाला 38 ते 55 रुपये, पार्किंग टाइल 32 ते 45 अशी सांगितली गेली, ग्रॅनाइट शंभराच्या पुढे. तुम्हाला वेगळा भाव मिळेल. मजुरी, रेती, सिमेंट, गाडीभाडं, हमाली आणि उखडलेला काटमाळ (राडारोडा) नेण्याचा खर्च मिळून मालाइतकाच होतो, कधी जास्त. म्हणून चौरस फुटामागे पाच रुपये वाचवायला दुय्यम माल घेण्यात अर्थ नाही. चाळीस-पन्नास चौरस फुटांत वाचून वाचणार किती?

4. दुकानात बाटली घेऊन जा

दुकानात टाइल उभी लावलेली असते, वरून दिवे, खाली एसी. त्या अवस्थेत कुठलीही टाइल सुंदरच दिसते. तुम्ही सांगा, "खाली ठेवा." जमिनीवर आडवी ठेवली की बाटलीतलं थोडं पाणी ओता, चप्पल काढा, ओल्या पायानं टाच घासून बघा. मग चपलेनं. मग चिमूटभर रेती टाकून चपलेनं चार वेळा रगडा आणि पुसून तिरक्या उजेडात ओरखडे शोधा. पहिल्या दुकानात मला लाज वाटली. तिसऱ्यात दुकानदारच पाण्याचा मग घेऊन आला.

डागाचीही परीक्षा घ्या: खडबडीत टाइलवर हळदीचं बोट फिरवा, पाच मिनिटांनी पुसा. फार खरखरीत टाइल घसरण्यापासून वाचवते पण मळ धरून ठेवते. घरात म्हातारं माणूस असेल तर मळ परवडला. नसेल तर मधली वाट.

कंपनीच्या माहितीपत्रकात घसरण्याचा दर्जा आर 9 ते आर 13 असा दिलेला असतो, आकडा मोठा तितकी पकड जास्त. पाऊस लागणाऱ्या दाराला आर 10 च्या खाली जाऊ नका, उतार किंवा रॅम्प असेल तर आर 11. ग्लेझ टाइलच्या झिजेचा दर्जा पीईआय नावानं 0 ते 5 असा असतो. दाराला 4 किंवा 5 मागा. नुसतं "अँटी-स्किड" हे विक्रेत्याचं विशेषण आहे, आकडा विचारला की खरं कळतं.

5. खोका वाचा, बिल वाचा

खोक्यावर शेड आणि बॅच नंबर असतो. सगळी खोकी एकाच बॅचची हवीत. वेगळ्या बॅचची टाइल दुकानात सारखी दिसते आणि बसवल्यावर उन्हात पट्टा पडतो. माल उतरवून घेतानाच नंबर जुळवा, हमाल निघून गेल्यावर तक्रार कोणी ऐकत नाही. गटाच्या जागी बी, रोमन एक आणि छोटा ए छापलेलं असेल तर त्या टाइलचं पाणी पिण्याचं प्रमाण आंतरराष्ट्रीय वर्गवारीप्रमाणे अर्ध्या टक्क्याच्या आत. बी आणि रोमन तीन असेल तर 10 टक्क्यांच्या वर, ती भिंतीची.

"कमर्शियल" किंवा "सेकंड" माल म्हणजे मापात, सपाटीत किंवा रंगात उणा. दोन टाइली समोरासमोर तोंडाला तोंड लावून धरा, मधे फट दिसली तर बाक आहे. भाव जीएसटी धरून की सोडून, आणि न फोडलेली खोकी परत घेणार का, हे बिलावर लिहून घ्या. माझ्या पहिल्या खरेदीत "घेऊ ना परत" हे तोंडी होतं. त्या दोन पेट्या अजून माळ्यावर आहेत.

6. कडियाशी बोलणं

टाइल निवडायला जेवढा वेळ दिलात तेवढा कडिया निवडायला द्या. त्यानं बसवलेलं निदान दोन पावसाळे जुनं काम बघायला मागा. तिथे जाऊन नाण्यानं टकटक करा: भरीव आवाज आला तर ठीक, ढबढब आला तर खाली पोकळी.

मग हे प्रश्न:

- जुनी फरशी काढणार की वरूनच बसवणार? वरून बसवली तर पातळी इंचभर तरी चढते, आणि दार अडतं. शिवाय जुनीच पोकळ असेल तर नवीही तिच्याबरोबर हलते.
- टाइल कशावर बसवणार? विट्रिफाइड पाणी पीत नाही, म्हणून साध्या सिमेंटच्या रबडीला ती नीट धरत नाही. तिला टाइलचा ॲडेसिव्ह लागतो, तोही दातेरी थापीनं सगळीकडे पसरून. पाच लाडू ठेवून टाइल दाबण्याची पद्धत जलद आहे, म्हणूनच लोकप्रिय आहे.
- ढाळ (पाणी वाहून जायला उतार) किती देणार?
- पायऱ्यांची उंची शेवटी किती राहील?
- काटमाळ कोण नेणार?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. आमच्या पहिल्या कामाचा ढीग सतरा दिवस फाटकाबाहेर होता आणि शेजाऱ्यांशी बोलणं बंद पडायची वेळ आली होती.

दुसऱ्या वेळचे आमचे कडिया साठीचे. त्यांनी मला टाइलचा रंगसुद्धा विचारला नाही. लेव्हलची नळी काढली, एक टोक मला उंबरठ्याशी धरायला लावलं, दुसरं ओटल्याच्या कडेला नेलं आणि म्हणाले, "बेन, टाइल तो बधाने देखाय, ढाळ कोईने ना देखाय." (टाइल सगळ्यांना दिसते, ढाळ कोणालाच दिसत नाही.) नळीतलं पाणी दाखवत होतं की आमच्या ओटल्याचा ढाळ दाराकडे होता. तीन वर्षं पावसाचं पाणी घरात यायचं, आणि मी दाराच्या रबराला दोष देत होते.

7. बसवण्याचा दिवस

त्या दिवशी घरी राहा. चहा करायला म्हणून का होईना, पण राहा.

ढाळ बाहेरच्या बाजूला, मीटरला निदान एक सेंटीमीटर. पाच फुटांच्या ओटल्याला दीड सेंटीमीटर होतो. आम्ही दोन ठेवला. डोळ्याला जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. ओटल्याची पातळी आतल्या जमिनीपेक्षा इंच-दीड इंच खालीच हवी, आणि उंबरठ्याचा दगड दोन्हींच्या वर थोडा उचललेला. चाकाची खुर्ची किंवा वॉकर वापरणारं कोणी असेल तर उंबरठ्याची कड गोल करून घ्या आणि उंची अर्ध्या इंचावर आणा.

कोटा बसतो तो सिमेंट-रेतीच्या इंचभर थरावर. थर सगळीकडे भरलेला हवा, वर सिमेंटची रबडी ओतून दगड रबरी हातोडीनं ठोकून बसवायचा. रेती चाळलेली हवी. विट्रिफाइड पाण्यात भिजवायची नसते. सिरॅमिक असेल तर भिजवतात. टाइलींमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट स्पेसर लावून ठेवा. कडेला कड चिकटवून बसवलेली टाइल आपल्याकडच्या उन्हाळ्यात फुगून वर उचलते. दारातली फट भरायला इपॉक्सी ग्राउट महाग आहे, पण जागा लहान असल्यानं परवडतो. साध्या सिमेंटच्या ग्राउटमध्ये हळद आणि माती दोन्ही बसतात.

पायऱ्यांचा सापळा सांगते. सगळ्या पायऱ्यांवर सारखाच दोन इंचांचा थर चढवला तर मधल्या उंची बदलत नाहीत, पण जमिनीपासूनची पहिली पायरी दोन इंचांनी उंच होते आणि ओटल्यावरून घरात शिरायची दोन इंचांनी बुटकी. पाय सवयीनं उचलला जातो आणि ठेच लागते. एकतर जुना थर पूर्ण काढा, नाहीतर पहिल्या पायरीपुढची जमीन उचलून घ्या. पायरीच्या कडेजवळ दगडात कटरनं दोन-तीन खाचा मारून घ्या. पावसात पाय तिथे धरतो.

रॅम्प किंवा पायरी गटाराच्या झाकणावर नेऊ नका. साफ करायला आलेली माणसं ते फोडतील आणि त्यांचं बरोबर असेल.

कामाच्या दुपारी चारला प्रत्येक तुकड्यावर नाणं वाजवा. ओलं असतानाच ढबढब सापडली तर उचलून पुन्हा बसवायला दहा मिनिटं लागतात.

8. पॉलिश, आणि पहिला महिना

कोट्याला सात दिवस पाणी मारा, गोणपाट अंथरून. ॲडेसिव्हवर बसवलेल्या टाइलला पाणी मारायचं नाही, फक्त दिवसभर पाय ठेवायचा नाही. आमच्या गल्लीतल्या मांजराला हे कळवणं जमलं नाही, ग्राउटवर तिची तीन पावलं आहेत.

पॉलिशचं मशीन खरखरीत दगडापासून गुळगुळीत दगडाकडे टप्प्याटप्प्यानं जातं. ओटल्यावर पहिल्या दोन खरखरीत टप्प्यांनंतर थांबवा. पॉलिशवाला म्हणेल, "चमक नाही आली." त्याला सांगा, नकोच आहे. मी फक्त एक तुकडा पूर्ण चमकवून घेतला: उंबरठ्याच्या उजव्या हाताला, तुळशीच्या कुंडीशेजारी, जिथे कोणाचा पाय पडत नाही. गडद निळसर कोट्यावर रांगोळीची पांढरी रेघ उठून दिसते आणि संध्याकाळी ओल्या फडक्याच्या एका हातात निघते. सासूबाई म्हणाल्या, एवढं एकच शहाणपणाचं काम केलंस.

पॉलिशचा राखाडी चिखल निघतो, तो गटारात सोडू नका, आत जाऊन सिमेंटसारखा घट्ट बसतो. बादलीत गोळा करून वाळवून टाका.

पहिल्या महिन्यात सांध्यांतून पांढरी भुकटी वर येईल. तो लोणा, जमिनीतली आणि सिमेंटमधली क्षारं ओलीबरोबर वर येतात. कोरड्या ब्रशनं झाडत राहा. ॲसिडनं धुवायचा सल्ला देणारे चार जण भेटतील, त्यातले दोन नात्यातले असतील. कोट्यावर ॲसिड अजिबात नाही. दगड पूर्ण वाळल्यावर, म्हणजे महिना-दीड महिन्यानं, दगडाचं सीलर लावा. तेलाचे डाग बसणं बरंच कमी होतं. पणत्यांखाली तरीही ताटली ठेवाच.

रोजच्या पुसण्याला साधं पाणी, आठवड्यातून एकदा साबणाचं. पायपुसणं घ्यायचं तर खाली रबर असलेलं आणि दाराबाहेर एक, आत एक. निम्मी रेती बाहेरच झडली तर आतल्या फरशीचंही आयुष्य वाढतं.

उरलेल्या टाइली किंवा दगडाचे दोन-तीन तुकडे जपून ठेवा. जिन्याखाली, भिंतीला टेकवून, उभे. आडवे रचले तर खालचा फुटतो. आणि त्यांच्या पाठीवर मार्करनं खरेदीचा महिना, दुकान आणि बॅच नंबर लिहून ठेवा, कारण बिल तुम्ही हरवणार आहात.